टोकाला एकला कागद्या

मला दोन पाय आहेत. उजवा आयने दिला. डावा, गुडघ्याखालचा, कायद्याने दिला. म्हणजे दिला नाही, आम्ही भांडून घेतला. रुळांवर, कारखान्यात, खाणीत ज्यांचं काही चिरडलं आहे आणि जे आत्ता कुठल्यातरी वॉर्डात छताकडे बघत पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी पडलो कसा, भ्यायलो कसा आणि उठलो कसा, एवढंच सांगणार आहे. उठलो हे आधीच सांगून टाकतो, कारण वॉर्डात पडल्या पडल्या माणसाला शेवट माहीत नसतो आणि तेच सगळ्यात जास्त छळतं.

नाव

आमचं घर जित्याला, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं. बाबा रोह्याकडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. ते गेले तेव्हा मागे एक लोखंडी पेटी राहिली, पत्रकांनी गच्च भरलेली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाकीची पोरं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'पिळवणूक' वाचत होतो. आय पापड लाटायची आणि त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठी पापडांच्या थरांमध्ये घालायची. आमच्या घरचा पापड खाणाऱ्याला क्रांती फुकट मिळत होती.

बी.ए. झालो, नोकरी मिळाली नाही. तेव्हा रोह्यापर्यंत दुसऱ्या रुळाचं काम चालू होतं. मी एका ठेकेदाराच्या टोळीत लागलो. टोळीचे मुकादम भिकूमामा, गागोद्याकडचे; बारीक अंगाचे, पण आवाज असा की डोंगराला लागून परत यायचा. रूळ उचलायचा तर सहा जणांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा, म्हणून मुकादम आरोळी देतो. जोडी-जोडीने नावं घेतो, प्रत्येक जोडी "हां!" म्हणते, म्हणजे हात बसले, पाय रोवले. मग "उचल!"

या आरोळीमुळे आमच्यात एक रीत आहे. टोळीत खरं नाव चालत नाही. आरोळीत बसेल असं नाव मुकादम पाडतो आणि मग तेच तुमचं नाव. पहिल्या दिवशी मामांनी मला विचारलं, "नाव काय रं?"

"सुधाकर."

"सुदाकर म्हनेपरत रूळ पायावर येल. खिशात काय हाय तुज्या?"

खिशात बाबांचं एक पत्रक होतं. दुपारच्या सुट्टीत वाचायला मी रोज एक घेऊन जायचो.

"कागद!" मामा म्हणाले. "तू कागद्या."

सगळे हसले. त्या दिवसापासून टोळीत सुधाकर म्हात्रे नावाचा कोणी उरला नाही.

रूळ

त्या सकाळी माझा जोडीदार गोम्या याला शेठनी, म्हणजे आमच्या ठेकेदाराने, दुसऱ्या कामावर धाडलं होतं. रुळाचं शेवटचं टोक दोघांनी पेलायचं असतं. मामा सुपरवायझरला म्हणाले, "साहेब, टोकाला मानूस कमी हाय." सुपरवायझर मोबाइलवर बोलत होता. हाताने 'चालू दे' अशी खूण केली.

मामांनी आरोळी घेतली. "पुढं हरी नि बाळू?" हां! "मधी सलीम नि नथू?" हां! मग क्षणभर थांबले. "टोकाला एकला कागद्या?"

मी "हां!" म्हणालो. जोरात म्हणालो. अंगात रग होती.

उचलला गेला. ठेवताना टोक फिरलं. रूळ माझ्या डाव्या पावलावर बसला आणि मला आधी आवाज ऐकू आला, मग कळलं की ओरडणारा मीच आहे.

ज्या दिवशी सांगितलं

रोह्याच्या दवाखान्यात रक्त थांबवलं आणि तिथून मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात पाठवलं. तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. उभ्याने बोलल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, आयलाही बसायला लावलं, आणि मग म्हणाल्या, "पाऊल वाचणार नाही. ते ठेवलं तर तू वाचणार नाहीस."

मला राग आला नाही, रडू आलं नाही. डोक्यात एकच विचार: डाव्या पायातला बूट नवीन होता.

आय म्हणाली, "डाक्टरबाय, थोडा तरी ठेवा त्याला."

"गुडघा ठेवते मावशी. गुडघा राहिला तर हा चालेल. नीट चालेल."

"वचन?"

डॉक्टरबाईंनी आयचा हात हातात घेतला. वचन वगैरे म्हणाल्या नाहीत. पण गुडघा ठेवला. मी आज चालतो तो त्या गुडघ्यावर. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरून गप्प बसू नका. किती राहील, का राहील, पुढे काय बसवता येईल, विचारा. तुमच्या शरीराबद्दल विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

वॉर्ड

सकाळी फिनेलचा वास, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. तिचं एक चाक कुरकुरायचं. ते कुरकुरणं व्हरांड्यात लांबून सुरू झालं की वॉर्डातली बोलणी बंद व्हायची. मी पत्रकांत 'दहशत' हा शब्द शेकडो वेळा वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या चाकाने शिकवला.

शेजारच्या खाटेवर खाडीकडचे तांडेलकाका होते. साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा पाय गेला होता. माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा म्हणाले, "तुजा डावा गेला, माजा उजवा. चपलांचा एक जोड घेतला का दोघांचा भागतो."

मी पाऊल गेल्यानंतर पहिल्यांदा हसलो तो तेव्हा. टाके दुखले.

नसलेलं पाऊल खाजतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अंगठ्याच्या खाली, बरोबर तिथेच. हात नेला तर चादर. वेड लागेल असं वाटायचं. एकदा मी दात-ओठ खात पडलो होतो, आयने विचारलं, काय होतंय. सांगितलं.  ती उठली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि जिथे पाऊल असायला हवं होतं तिथली रिकामी चादर नखांनी खाजवायला लागली.

"हितं?"

"जरा वर."

"हितं?"

"हां."

आणि खाज थांबली. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मेंदूला पाऊल गेल्याची बातमी उशिरा पोचते. असेल. मला एवढंच माहीत आहे की जगातल्या कुठल्याही औषधाआधी माझ्या आयची नखं पोचली.

संत्री

मग ठेकेदाराचा माणूस संत्री घेऊन आला. संत्र्यांखाली एक कागद होता. त्यात लिहिलं होतं की मी कामावर नव्हतो. कानात गाणी लावून रूळ ओलांडत होतो, रचलेल्या सामानाला धक्का लागला आणि अपघात झाला. शेठ माणुसकी म्हणून मदत करत आहेत आणि माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

माझा मोठा भाऊ नितीन, मी त्याला दादा म्हणतो, त्याच ठेकेदाराचा डंपर चालवायचा. तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "कर सही. घे काय देतायत ते आणि मोकळा हो."

"मी रूळ ओलांडत होतो?"

"काय फरक पडतो?"

"मी काम करत होतो, दादा!"

"तू काम करत होतास हे कुठं लिवलाय? हजेरी शेठकडं. टोळीतला एक तरी फिरकला का हितं? तुज्यापायी माजा बी डंपर जायचा. बाबांच्या पेटीनं कोणाचा पोट भरलाय?"

आय म्हणाली, "नितीन, बास."

मी सही केली नाही. दादा गेला आणि पुढे कितीतरी दिवस आला नाही. संत्री तांडेलकाकांनी वॉर्डभर वाटली. "फळाचा काय गुन्हा?" म्हणाले.

दादाच्या बोलण्यातलं एक मात्र खरं होतं. मला घोषणा पाठ होत्या, पण माझा स्वतःचा हक्क काय ते माहीत नव्हतं. कंत्राटी माणसाला कुठला आलाय हक्क, असं मलाही आतून वाटत होतं. रेल्वेच्या अपघाताचे दावे जिथे चालतात तिथे अर्ज करायचा, एवढं कोणाकडून तरी ऐकलं होतं. ते तर प्रवाशांसाठी असतं! मी प्रवासी नव्हतो. मी रूळ घालणारा होतो.

तांडेलकाका म्हणाले, "आमच्या गावची नसीमा वकील हाय अलिबागला. तिचा बाप आखातात कामावर असताना हात तुटून परत आला, काय मिळाला नाय. तवापास्ना ती पोरगी असल्याच केशी लढते. जा तिच्याकडं."

दोन गोष्टी

नसीमा वकील वयाने माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. कुबड्या टेकून मी त्यांच्या ऑफिसात शिरलो आणि भाषण सुरू केलं. शोषण, भांडवल, व्यवस्था. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "झालं? आता कायदा ऐका."

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे लिहितोय, कारण मला ते वॉर्डात असताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

कामावर इजा झाली तर भरपाई हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. तुम्ही कंत्राटी असाल तरी आहे. ठेकेदार पळाला तर ज्याच्यासाठी काम चाललं होतं त्या मुख्य मालकाकडून मागता येते. मालकाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. दारू पिऊन होतात किंवा मुद्दाम सुरक्षेचा नियम मोडलात असं असेल तर ते अडवू बघतील, म्हणून तिथे आधीच सावध राहा. हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली असली तरी तो कागद भरपाई बुडवू शकत नाही. सही केली म्हणून घरी रडत बसू नका. आणि मुदत असते. दोन वर्षांच्या आत दावा दाखल करा, उद्या-परवा करू नका.

"सिद्ध काय करायचं मग?" मी विचारलं.

"दोनच गोष्टी. तुम्ही त्या टोळीत कामगार होता. आणि काम करताना लागलं."

"दोन्ही खऱ्या आहेत."

"खऱ्या आहेत हो. पण सांगणार कोण?"

सांगणारं कोणी नव्हतं. हरी, बाळू, सलीम, नथू, सगळ्यांची घरं त्याच कामावर चालत होती. मी त्यांना शिव्या दिल्या, पत्रकांतल्या सगळ्या. ड्रेसिंगच्या गाडीचं मी नसीमा वकिलांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांच्यावर तोंड टाकू नका, भाऊ. भीती तुम्हालाही त्या चाकाची वाटत होती ना?"

मला पैशांची काळजी नव्हती असं सांगून मी मोठेपणा घेणार नाही. कृत्रिम पाय बसवायचा होता, आय पापड लाटून थकली होती. पण रात्रंदिवस सलत होतं ते दुसरंच. शेठच्या म्हणण्याप्रमाणे मी गाणी ऐकत रुळात तडमडणारा एक बेफिकीर पोरगा होतो. मी कामगार नव्हतोच. बाबांच्या पेटीवर बसून मोठा झालेला मी, आणि कामगार नव्हतो!

अलिबाग

ठेकेदाराने साक्षीला भिकूमामांना बोलावलं तेव्हा मी खचलो.

त्या दिवशी आय आणि मी एसटीने वडखळला उतरलो. अलिबागची गाडी बदलायची होती. नाक्यावर मोटरसायकलला टेकून दादा उभा. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "कुबड्या आयकडं दे. माज्या मागं बस. एसटीत धक्के बसतील."  उतरताना त्याने माझी पँट सरळ केली, जिथे ती रिकामी लोंबत होती तिथे पिन लावून दिली. पिन त्याने घरूनच आणली होती.

भरपाईचे दावे चालवणारे न्यायाधीश शांत गृहस्थ होते. ठेकेदाराच्या वकिलाने मामांना विचारलं, "सुधाकर म्हात्रे नावाचा कोणी तुमच्या टोळीत होता?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय साहेब. त्या नावाचा कोन नव्हता."

खरंच होतं ते! त्या नावाचा कोणी नव्हता. मामा शपथेवर खोटं बोलले नाहीत, आणि मी मेलो.

नसीमा वकील उठल्या. चढा आवाज नाही, काही नाही. "मुकादम, तुमची आरोळी पार पलीकडच्या गावात ऐकू जाते म्हणे?"

मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "जाते. रूळ काय मुक्यानं उचलत नाय, बाय."

"त्या दिवशी तो रूळ उचलताना जी दिलीत, ती आम्हाला ऐकवाल?"

ठेकेदाराचा वकील उसळला, हे काय नाटक. न्यायाधीश म्हणाले, "ऐकू द्या. मलाही कळू दे रूळ कसा उचलतात."

"हितं कशी देनार साहेब? रूळ नाय, मानसं नाय."

"समोर रूळ आहे असं समजा," नसीमा वकील म्हणाल्या.

मामांनी साक्षीदाराच्या कठड्याचं लाकूड दोन्ही हातांनी पकडलं. गुडघे जरासे वाकवले. डोळे मिटले. आणि तो आवाज निघाला. दारातला शिपाई आत डोकावला, बाहेरच्या व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

"पुढं हरी नि बाळू?"

थांबले, जोडी 'हां' म्हणते तेवढा वेळ.

"मधी सलीम नि नथू?"

पुन्हा थांबले. त्यांच्या मनगटावरच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या.

"टोकाला एकला कागद्या?"

या आरोळीला उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर मुकादम पुढे जाऊ शकत नाही, माणसं वजनाखाली अडकतात. मी विचार केला नाही. एका पायावर उठलो आणि ओरडलो, "हां!"

"उचल!" मामा गरजले, आणि डोळे उघडले.

 न्यायाधीशांनी विचारलं, "हा कागद्या कोण?"

मामांनी कठडा सोडला नाही. मान माझ्याकडे वळवली. "ह्यो. ह्यो कागद्या. सुदाकर टोळीत कोन म्हनत नाय."

"बाकी सगळे जोडीने, हा एकटा का?"

ठेकेदाराचा वकील उठू लागला, न्यायाधीशांनी त्याला हाताने बसवलं. मामा म्हणाले, "ह्याच्या जोडीचा दुसरीकडं धाडला व्हता साहेब. मी बोललो व्हतो, मानूस कमी हाय म्हनून. मग बी आरोळी मीच दिली. रूळ माज्याच आरोळीवर उठला आन ह्याच्या पायावर बसला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "लिवून घ्या."

मागे आय रडत होती. दादा भिंतीला टेकून उभा होता, वॉर्डात उभा होता तसाच, पण मान वर होती.

बाहेर झाडाखाली मामा विडी पेटवत होते. मी विचारलं, "मामा, नाव तोंडातनं निसटलं का मुद्दाम घेतलंत?"

"आरोळीत मानूस गाळता येत नाय रं," ते म्हणाले. "येक गाळला का रूळ पडतो."

कामावर असताना

निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाई, वर व्याज. ठेकेदाराने न दिल्यास मुख्य मालकाने आधी द्यावी आणि मग त्याच्याकडून वसूल करावी. आकडा मी इथे लिहीत नाही, तुमचा वेगळा असेल. पण निकालातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले: 'कामावर असताना'. आयने ते वाचून घेतले, मग बाबांची पेटी उघडली आणि निकालाची प्रत सगळ्यात वर ठेवली. "आता भरली," म्हणाली.

मामांचं त्या ठेकेदाराकडचं काम गेलं. सलीम आणि नथू त्यांच्या पाठोपाठ स्वतःहून निघाले. तिघं आता दुसऱ्या ठेक्यावर आहेत आणि जोडी पुरी झाल्याशिवाय तिथे आरोळी निघत नाही. सुपरवायझर घड्याळ बघतात. मामा विडी पितात.

माझा पाय बसला. सुरुवातीला तो जिथे बसतो तिथे जखमा झाल्या, चालायच्या सरावात धरायच्या दोन दांड्यांच्या मध्ये लहान मुलासारखा पडलो, रागाने पाय फेकूनही दिला एकदा. दादाने तो उचलून आणला, धुतला आणि परत लावला. तांडेलकाकांनी खाडीवरच्या गावातून एक चप्पल पाठवली, फक्त उजव्या पायाची. निरोप होता: डावी मी वापरतोय.

आता मी आमच्या इथल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. सुट्टीच्या दिवशी रुळांवरच्या टोळ्यांकडे जातो, नसीमा वकिलांनी सांगितलेलं सांगतो. मीही पत्रकं लिहितो. पण माझ्या पत्रकात पहिली ओळ घोषणा नसते. पहिली ओळ असते, 'सही करू नका.'

परवा एक मोठी मूर्ती टेम्पोत चढवायची होती. टेम्पो दादाचा, डंपर त्याने सोडला. बांबू बांधले, दादा आणि कारखान्यातली पोरं लागली, पण प्रत्येकाचा जोर वेगवेगळा. मूर्ती हलेना, नुसती डुलायला लागली. आय ओरडली, "अरे, देवाचा हात मोडाल!" योगायोगाने मामा जित्याला आले होते, कट्ट्यावर चहा पीत बसले होते. मी त्यांना म्हणालो, "मामा, द्या आरोळी."

"माजा चा गार व्हईल. तू दे."

मी मागच्या बांबूला हात घातला. डावा पाय मातीत रोवला. जो भांडून घेतला तो. आणि छाती भरून घेतली.

"पुढं दादा नि बंड्या?"

"हां!"

"मधी राजा नि पक्या?"

"हां!"

"टोकाला…" मी शेजारी पाहिलं. बांबूची दुसरी बाजू रिकामी होती.

कपाची बशी कट्ट्यावर वाजली. मामा आले, धोतर खोचलं, वाकले, माझ्या खांद्याला खांदा लावला.

"टोकाला कागद्या नि मामा?"

"हां!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

उचल!